बेट उगवते, पण टिकते का?

महोदय,

नदीपात्रात वाळूचे बेट वर आले की त्याची बातमी होते. ते वाहून गेले की कुणी दखलही घेत नाही. आसाममध्ये निमाती घाटावरून ब्रह्मपुत्रा नदीतल्या माजुली बेटाला जाताना हिवाळ्यात हे नीट पाहता येते. फेरीबोट सरळ पलीकडे जातच नाही. पाण्यात रोवलेल्या बांबूंच्या खुणा धरून वळसे घेते, कारण मध्ये वाळूचे लांबलचक पट्टे पसरलेले असतात.

पूर ओसरताना प्रवाहाचा जोर कमी होतो आणि आधी जाड, मग बारीक वाळू खाली बसते. त्या उंचवट्याला अडून पाणी दोन बाजूंना फुटते. वरच्या अंगाचे कण घरंगळत माथ्यावर चढतात, पलीकडे घसरून पडतात. म्हणजे अख्खा पट्टा कणाकणाने प्रवाहाच्या दिशेने सरकत असतो. एखाद्यावर गवत रुजले, त्यात गाळ अडकला, की तिथे शेती आणि वस्तीही होते. पुढचा पूर त्याचीच कड कापतो.

त्यातच 15 ऑगस्ट 1950 चा 8.6 तीव्रतेचा भूकंप. डोंगर ढासळले, अफाट गाळ ब्रह्मपुत्रेत आला, तळ उंचावला आणि दिब्रुगड शहराचा काठ नदीने खाल्ला. (आपल्याकडे पंढरपूरचे वाळवंट पाहून वाळू म्हणजे स्थिर जागा असे वाटते, तो भाग वेगळा.)

निमातीच्या घाटावर चहा प्यायलो, ती टपरी बांबूची होती. काठ सरकला की उचलून मागे नेता येते.

– एक वाचक, पुणे