पुडी बंद करू नकोस, असं मी का म्हटलं

ती. बाबा आणि ती. सौ. आईस, साष्टांग नमस्कार.

शिबिरवाल्या गुरुजींनी सांधेदुखीवर दिलेल्या पुडीबद्दल काल फोनवर मी आईला म्हटलं, "पुडी अजिबात बंद करू नकोस, रोजच्या वेळेला घे." तेव्हा बाबा, मागून तुमचा आवाज आला, "बघ, लेकीला पटलं शेवटी." मला पटलेलं नाही. पण फोनवर सगळं सांगायला गेले असते तर गणपतीत झालं तसं आपलं पुन्हा वाजलं असतं, आणि आईनं वैतागून सगळ्या पुड्या कचऱ्यात टाकल्या असत्या. नेमकं तेच व्हायला नको होतं. म्हणून लिहितेय. मामा उद्या पहाटे कोल्हापूरला निघालाय, त्याच्या हाती देते. आई, चष्मा लावून तू स्वतः वाच. बाबांनी वाचून दाखवलेलं ऐकू नकोस.

आधी आईचं. गौरी जेवल्या त्या दिवशी तू पाटावर मांडी घालून बसलीस. तीन वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या बायका म्हणाल्या, काय अंग भरलंय, गुरुजींचा गुण आला. मला मात्र वेगळंच दिसत होतं. चेहरा गोल झालेला, पण दंड नि पिंढऱ्या वाळलेल्या. बांगडी जरा घासली तरी हातावर काळंनिळं. भूक इतकी की रात्री उठून लाडू खात होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, चहाच्या आधी, मी तुझं रक्त काढलं ते त्यासाठी. तू म्हणालीस, लॅबमध्ये नोकरी लागल्यापासून हिला सुईशिवाय प्रेम करता येत नाही. खरं आहे ते.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज पहाटे कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. ताप आला, पडलो, ऑपरेशन झालं की शरीर तग धरतं ते त्याच्या जोरावर. सकाळी आठच्या सुमाराला त्याचा आकडा साधारण ५ ते २५ च्या मध्ये असतो. तुझा १.९ आला. मशीनची चूक असेल म्हणून मी टेस्ट पुन्हा लावली. पुन्हा तेच. बाहेरून रोज स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, मिळायला लागलं की या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "सांधेदुखीची पावडर कुणाची चालू आहे?" मी तोवर पुडीचं नावही काढलं नव्हतं.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. दम्याच्या ॲटॅकमध्ये ते जीव वाचवतं. पण ते मोजून, ठरावीक दिवस, शुगर आणि बीपीवर नजर ठेवून द्यायचं असतं. कागदाच्या पुडीत आज किती पडलं नि उद्या किती, हे ती बांधणाऱ्यालाही माहीत नसणार. हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये लोकांना सावध केलं होतं, की सांधेदुखीसाठी 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलंय आणि लेबलवर त्याचा उल्लेखही नाही. त्यांनीही तेव्हा लोकांना बजावलं होतं की घाबरून एकदम बंद करू नका, डॉक्टरकडे जा. कारण झोपलेल्या ग्रंथी दुसऱ्या दिवशी जाग्या होत नाहीत. उलट्या होतात, माणूस गळून जातो, बीपी खाली जातं, आणि त्यात ताप किंवा जुलाब लागले तर जिवावर बेततं.

म्हणून, आई, पुडी चालू ठेव. पुडीच्या जागी मोजलेली गोळी देऊन ती हळूहळू उतरवतात. सोमवारी दहाची वेळ घेतलीय, मी शनिवारी येतेच आहे. मधल्या दिवसांत उलट्या, चक्कर, ताप, काहीही झालं तर माझी वाट बघू नका. रिक्षा करून सरळ सीपीआर हॉस्पिटल गाठा आणि तिथं पहिलं वाक्य हेच सांगा: सांध्याची पावडर सहा महिने चालू आहे, त्यात स्टेरॉइड असावं. हा रिपोर्ट सोबत न्या.

आता बाबा, तुमचं.

मार्चमध्ये मंगल कार्यालयात ते मोफत नाडी शिबिर झालं तेव्हा तुमची उपाशीपोटी साखर १६८ होती. गुरुजींनी चूर्ण, काढा आणि पथ्य दिलं. साखर-गूळ बंद, रात्री भात बंद, पहाटे रंकाळ्याला फेरी. वीस दिवसांत १३१ झाली. आणि एकविसाव्या दिवशी त्यांनी मधुमेहाची गोळी सोडायला लावली.

सातवीत तुम्ही आम्हाला कुंडीतल्या झाडाचं पान दाखवलं होतं. अर्ध्या पानाला काळा कागद चिकटवलेला, अर्धं उघडं. दोन दिवसांनी आयोडीन टाकलं, उघडा भाग काळानिळा झाला, झाकलेला झाला नाही. मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं, सर, कागद कशाला लावायचा, उघड्या पानावर दिसतंच की. तुम्ही म्हणालात, झाकलेलं अर्धं नसेल तर हे उन्हानं झालं हे कशावरून? बाबा, या प्रयोगात तुमचं झाकलेलं पान कुठं आहे? त्या वीस दिवसांत गोळी चालू होती, गूळ सुटला होता, भात सुटला होता, तुम्ही रोज तासभर चालत होता, वजन उतरलं होतं. एवढं सगळं बदललं आणि श्रेय एकट्या चूर्णाला मिळालं. जूनमध्ये पाऊस लागला, फेरी थांबली. गोळी तर सुटलेलीच होती. साखर मोजायच्या मशीनच्या पट्ट्या संपल्या त्या तुम्ही आणल्या नाहीत, कारण गुरुजी म्हणाले यंत्रापेक्षा नाडी खरी.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा साखरेचा जमाखर्च. दिवाळीत तुमचा ७.४ होता. आता १०.२ आहे. रात्री तीन-तीनदा लघवीला उठता त्याला गुरुजी 'आतलं विष बाहेर पडतंय' म्हणतात. ती साखर आहे, बाबा. मला या माणसाचा सर्वात जास्त राग या एका वाक्याचा येतो. बरं वाटलं तर औषधाचा गुण, त्रास वाढला तर विष निघतंय, काहीच झालं नाही तर पथ्य मोडलं. कुठूनही बघा, तो चुकतच नाही. तुम्हीच शिकवलंत, जे चुकूच शकत नाही ते तपासताही येत नाही.

तुम्ही म्हणाल, ती गोळी केमिकल आणि हा झाडपाला. तुमची मेटफॉर्मिन कुठून आली ते सांगते. युरोपात गॅलेगा नावाची एक जांभळ्या फुलांची वनस्पती आहे. तिच्यातलं एक द्रव्य साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच घराण्यातला सौम्य रेणू शोधत शोधत मेटफॉर्मिन आलं, आणि १९५७ मध्ये ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहासाठी पुढे आणलं. आपल्या सर्पगंधेचंही तेच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या रोग्यांना तिचं मूळ देऊन, नोंदी ठेवून, १९४९ मध्ये ते परदेशी नियतकालिकात छापलं आणि जगभर ते औषध गेलं. वनस्पतीच होती ना ती? फरक हा, की वकिलांनी किती दिलं, कुणाला दिलं, कुणाला उतरलं, कुणाला नाही, हे सगळं उघड्यावर मांडलं. गुरुजींच्या डब्यावर घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. फक्त त्यांचा फोटो आहे.

माझं भांडण आयुर्वेदाशी नाही. आपल्या पेठेतले जुने वैद्य आठवा. बीएएमएस, भिंतीवर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक, आणि माझ्या खोकल्याला अडुळसा देताना आजीला म्हणायचे, दोन दिवसांत उतरला नाही तर छातीचा फोटो काढा. मोठेपण असंही असतं. गुरुजींना नोंदणी क्रमांक विचारला तर शिबिरातली पोरं म्हणाली, हिमालयातल्या साधनेला नंबर नसतो.

ती पत्रिका तुम्ही कपाटात जपून ठेवलीय, 'मधुमेह मुळापासून बरा, २१ दिवसांत गोळी बंद'. अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, मधुमेह आणि संधिवात दोन्ही त्यात. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने. मला तर ही शिक्षा फार तोकडी वाटते. पत्रिका, पावती आणि चार न उघडलेल्या पुड्या वेगळ्या ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे मी लेखी तक्रार देणार आहे. भिशीचे १२,००० गेले त्याबद्दल मी कधीही एक शब्द बोलणार नाही, आई. तो विषय संपला.

एक गोष्ट मी गणपतीत बोलायला हवी होती, ती न बोलता ओरडले. तुम्ही तिथं का गेलात हे मला कळतं. दवाखान्यात दोन तास बाकावर बसून डॉक्टर दोन मिनिटं बघतात, मान वर न करता 'वय झालं आता' म्हणतात. त्या माणसानं आईचा हात वीस मिनिटं हातात धरला. झोप लागते का विचारलं. पोरगी फोन करते का विचारलं. आई रडली तिथं, हे मला मावशीकडून कळलं. मी रोज फोन करते खरी, पण 'गोळ्या घेतल्या का' यापुढे काही विचारत नाही. ते बदलेन. पण आई, ज्यानं तुला इतक्या मायेनं विचारलं, त्यानंच तुला न सांगता पुडीत स्टेरॉइड घातलं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र घाईनं लिहितेय ते. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. त्यात तुम्ही आहात, बाबा. पांढरा शर्ट, खिशाला पेन. "मी निवृत्त विज्ञान शिक्षक. माझी साखर १६८ वरून १३१ वर आली." एप्रिलमधला आहे. त्या दिवशी तुम्ही अक्षर न् अक्षर खरं बोललात. पण या लोकांचं दुकानच त्यावर चालतं. आकडा खाली असतो त्या दिवशी कॅमेरा येतो, १०.२ घेऊन बसलेल्या माणसाकडे परत कुणी फिरकत नाही. इथं पुण्यात एका आजींनी तो बघून गुरुजींचा नंबर मागितला. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, हे माझे वडील आहेत, आणि त्यांचा आजचा रिपोर्ट हा आहे. राग येऊ देऊ नका, तुमची परवानगी न घेता दाखवला.

तुमची गोळी पुन्हा सुरू करायला आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) ठीक आहे. आजपासून, जेवणानंतर, पूर्वीसारखीच. चूर्ण आणि काढा मात्र बंद. सोमवारी तुम्हीही आईबरोबर चला.

आई म्हणाली, तुमच्या शब्दावर तालमीतले चौघे शिबिराला गेले, आणि तीन पेशंटमागे मिळणारा मोफतचा डबा तुम्ही घेतला नाहीत. तुम्हाला त्यांचं दुखणं थांबायला हवं होतं, बाकी काही नाही. म्हणूनच त्यांनी ऐकलं, आणि आताही ते फक्त तुमचंच ऐकतील. चौघांपैकी दोघांना गुडघ्याची पुडी चालू आहे. त्यांना 'फसवणूक झाली, फेकून द्या' म्हणू नका. आधी सांगा की एकदम थांबवायची नाही, डॉक्टरला दाखवायचं. बाकी सगळं नंतर. गिरणीवाल्या काकांचा कोर्स गुरुवारी संपतोय आणि पुढचा घ्यायला पैसे नाहीत असं ते आईला म्हणाले होते. पत्र वाचून झालं की पहिला फोन त्यांना करा.

तुमची,
लेक