बूस्टच्या आधी कॅम: साताऱ्याच्या वस्तादांना उघडं आभार पत्र

वस्ताद,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, सांगली-इस्लामपूरकडच्या आमच्या टर्बो गाड्या (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा कोंबतो तो टर्बो) तुम्ही ट्यून करून मार्गाला लावल्या. मजुरी घेतलीत ती कामाची. शिकवणीचा एक रुपया घेतला नाहीत. म्हणून ती शिकवण इथे चारचौघांत मांडतो. कुठे चुकलं तर कान धरा.

लॅपटॉप उघडण्याआधी तुम्ही हवेची गळती शोधायला साबणाचं पाणी मागता, इथूनच सुरुवात. टर्बोच्या तोंडाला टोपण, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरने 1 बार हवा, आणि प्रत्येक क्लॅम्पवर फवारा. ऑइलचं झाकण सैल ठेवायचं, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून सील ढकलते. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत मोजलेली हवा वाटेत गळाली की मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त), काळा धूर येतो, आणि माणूस इंजेक्टरला शिव्या देतो. प्रेशर सेन्सरच्या गाडीत मिश्रण बरोबर दिसतं, पण टार्गेट गाठायला टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरतो आणि गरम हवा ढकलतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण लवकर कळत नाही.

मुंबईत लिहिलेला मॅप (इंजिनच्या संगणकातले आकड्यांचे तक्ते) घाटावर का दमतो, हेही तुम्ही हवेच्या दाबावरून समजावलंत. बाहेरचा दाब सांगलीत साधारण 0.95 बार, साताऱ्यात 0.93, महाबळेश्वरला 0.86. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, बाहेरचा दाब धरून एकूण 2.0 बार मागत असेल, तर टर्बोला सांगलीत 2.1 पट दाबावं लागतं आणि महाबळेश्वरला 2.3 पट. वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणारी झडप) टेबलला उंचीची दुरुस्ती नसेल, तर केळघर घाटात एकतर बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) कमी पडतो किंवा टर्बो हद्दीबाहेर जातो.

आता कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा. आम्ही सगळे बूस्ट वाढवायला आलो होतो, आणि तुम्ही बूस्टला हातच लावू दिला नाहीत. कारण सोपं होतं. खालच्या आरपीएमला इनटेकचा दाब एक्झॉस्टच्या दाबापेक्षा जास्त असतो. तेव्हा इनटेक कॅम अ‍ॅडव्हान्स केला, म्हणजे लवकर उघडू दिला, की दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात (हाच ओव्हरलॅप), ताजी हवा जळका वायू बाहेर लोटते, सिलिंडर स्वच्छ भरतो, टर्बोलाही जास्त वायू मिळून तो लवकर उठतो. वरच्या आरपीएमला पारडं उलटं फिरतं. एक्झॉस्टचा दाब इनटेकच्या वर जातो, तोच ओव्हरलॅप गरम वायू परत सिलिंडरमध्ये ओढतो आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) सुरू होतं. म्हणजे खाली जे अमृत, तेच वर विष. म्हणून वर जाताना इनटेक मागे घ्यायचा. उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह तिथे हवेच्या वेगाचाही फायदा उठवतो.

मोजणीची पद्धत मात्र तुमचीच कडक. डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र), चौथा गिअर, 2000 ते 6500 आरपीएम. ऑइल 90 अंशांवर आल्याशिवाय रन नाही, कारण कॅम पुढे-मागे फिरवणारा फेझर ऑइलच्याच दाबावर हलतो. लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; 1 म्हणजे नेमकं, त्याखाली रिच) 0.82 ला बांधलेला, इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मुद्दाम 3-4 अंश मागे, म्हणजे तुलनेत नॉकिंगची लुडबुड नको. एक्झॉस्ट कॅम एका जागी ठेवून इनटेक 0, 5, 10 असं 30 अंशांपर्यंत. सगळ्या टॉर्कच्या रेषा एकावर एक ठेवायच्या आणि प्रत्येक आरपीएमला जी वर आहे तिचा आकडा उचलायचा. ढोबळ चित्र असं दिसतं: 2500 ते 3500 ला 25-30 अंश जिंकतात, 4500 च्या आसपास रेषा एकमेकींना छेदतात, 5500 च्या पुढे 5-10 अंशांवर गाडी मोकळी पळते. हे आकडे कुणी डोळे झाकून भरू नयेत. टर्बो आणि मॅनिफोल्ड बदलला की छेद सरकतो.

यात एक खोच आहे. कॅम हलला की बूस्टही हलतो. मग टॉर्क कॅममुळे वाढला की बूस्टमुळे? तुम्ही दोन वेळा मोजता: एकदा वेस्टगेटची ड्युटी (ईसीयूचा त्याला जाणारा हुकूम) कायम ठेवून, टर्बो किती लवकर उठतो ते पाहायला, आणि एकदा बूस्ट कायम ठेवून, सिलिंडर किती भरतो ते पाहायला. वेळ दुप्पट जातो, पण शंका उरत नाही. मग इनटेकचं ठरल्यावर तीच कसरत एक्झॉस्ट कॅमची. आणि शेवटी टेबल हाताने गुळगुळीत करायचं. शेजारच्या खान्यांत 15 अंशांची उडी ठेवली तर फेझर मागे राहतो आणि मधल्या आरपीएमला गाडी झटका देते.

वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टमधला लॅम्डाचा मीटर, खोटं बोलतो, हे आम्हाला सगळ्यात उशिरा पटलं. जास्त ओव्हरलॅपमध्ये न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते आणि मीटर लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. माणूस पेट्रोल वाढवतो. सिलिंडरमध्ये मिश्रण आधीच रिच असतं, ते आणखी रिच होतं. उरलेलं पेट्रोल आणि ती हवा मॅनिफोल्डमध्ये भेटतात, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लाल होतो. लॅन्सर इव्हो टेनसारख्या, पोर्टमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात तर हवेबरोबर पेट्रोलही निसटतं. पोलोच्या 1.0 टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पेट्रोल मारता येतं, म्हणून तिथे थोडी सूट. अ‍ॅडव्हान्स वाढवताना 3000 ला लॅम्डा अचानक लीन दिसला, तर पेट्रोल नव्हे, आधी 5 अंश ओव्हरलॅप कमी करून बघायचा.

आणि आकडे लॅम्डातच बोलायचे. टाकीत ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्यातलं इथेनॉल कदाचित आपल्याच कारखान्याच्या उसाचं. ई20 चं हवा-पेट्रोलचं नेमकं रासायनिक प्रमाण 14.7 नाही, साधारण 13.5 आहे. मीटर 14.7 वर सेट असेल तर 0.82 लॅम्डाला तो 12 च दाखवतो, खरं प्रमाण मात्र 11.1 असतं. 12 की 11 यावर चहाच्या टपरीवर झालेली भांडणं एवढ्या एका गोष्टीने मिटली.

कॅम ठरला की इग्निशन नव्याने. सिलिंडर जास्त भरतो तिथे जुना अ‍ॅडव्हान्स जास्त होतो. 1-1 अंश पुढे; 2 अंश देऊन टॉर्क वाढला नाही तर ते 2 अंश परत. प्रेशर सेन्सरवर चालणाऱ्या ईसीयूत तर त्याआधी हवेचं टेबलही दुरुस्त करायचं, नाहीतर ईसीयू चुकीचा लोड धरून चुकीचा खाना वाचतो. प्लगचा गॅप 0.7 मिलीमीटर. आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये लागोपाठ तिसरा रन घ्यायचा नाही. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापलेला असतो, ईसीयू स्वतःच टायमिंग मागे ओढतो, आणि आपण कॅमला दोष देतो.

लहान इंजिनाच्या पोरांना तुम्ही घातलेला लगाम वेगळा सांगायला हवा. कॅममुळे 1800 आरपीएमला फुकटचा टॉर्क मिळतो, आणि नेमका तिथेच अवेळी पेट घेण्याचा धोका. प्लगची ठिणगी पडायच्या आधीच ऑइलचा थेंब किंवा कार्बनचा कण मिश्रण पेटवतो. असा एकच ठोका पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कड) फोडू शकतो. नॉक सेन्सर तिथे फक्त साक्षीदार. म्हणून 2000 च्या खाली टॉर्क कापलेला, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. 20डब्ल्यू-50 ओतणाऱ्याला तुम्ही दारातूनच परत पाठवता, ते बरोबरच. जाड ऑइलात फेझर सुस्त होतो. मागितलेला आणि प्रत्यक्ष कोन यांत 3 अंशांपेक्षा जास्त फरक टिकून राहिला, तर मॅप नव्हे, फेझरला ऑइल सोडणाऱ्या सोलेनॉइडची जाळी आणि टायमिंग चेन तपासायची. आणि आकडे क्रँकच्या अंशात आहेत की कॅमच्या, हे आधी विचारायचं. कॅमचा 1 अंश म्हणजे क्रँकचे 2. कुणाचे तरी आकडे तसेच उचलून टेबलात भरणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

पोलोच्या एक्झॉस्ट कॅमचा स्वीप, म्हणजे पायरीपायरीने मोजणी, तेवढी बाकी आहे. दिवाळीनंतर, हवा थंड झाली की गाडी घेऊन येतो: ऑइल नवं, प्लगचा गॅप मोजलेला, गळतीची तपासणी इथेच करून. कंदी पेढे तुमच्याच गावचे, तेव्हा येताना सांगलीचं भडंग आणतो.

आपले,
सांगली-इस्लामपूरकडची टर्बोवाली पोरं