‘स्वामी’च्या टेप आहेत का, मंत्रिमहोदय?

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार

महोदय, सविनय नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हापासून तयार झालेल्या मराठी कार्यक्रमांपैकी आज काय शिल्लक आहे, कुठल्या टेपवर आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची यादी जाहीर करा. माझा जीव ‘स्वामी’त अडकलाय, हेही सांगून टाकतो.

रणजित देसाईंच्या कादंबरीवरून गजानन जागीरदारांनी ऐंशीच्या दशकात ही मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. काळ पानिपतानंतरचा. १७६१ मध्ये विश्वासराव गेले, भाऊसाहेब गेले, काही महिन्यांत नानासाहेबही गेले आणि सोळा वर्षांच्या पोराच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली. बाहेर निजाम, हैदर आणि डोक्यावर कर्ज. खरं युद्ध मात्र घरात. १७६२ मध्ये आळेगावला पुतण्या माधवराव स्वतः काका राघोबादादांच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाला. पुढच्याच वर्षी त्याच काकांबरोबर राक्षसभुवनला त्याने निजामाला हरवलं. १७६८ मध्ये धोडपला त्याच काकांना पकडून शनिवारवाड्यात अटकेत ठेवलं. मुलाशी बिनसलेली आई नाशिकजवळ गंगापूरला. आणि १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने शेवट. एका कुटुंबाच्या भांडणात अख्खं राज्य कसं हेलकावे खातं, हे घरबसल्या पाहायला मिळालं. आज हाच ऐवज एखाद्या वाहिनीच्या हाती लागला, तर राघोबादादांच्या एका कटाक्षावर तीन बाजूंनी कॅमेरा फिरेल आणि वर ढोल. असो.

आता टेपचं. त्या काळचं चित्रीकरण चुंबकीय फितीवर व्हायचं. दमट हवेत फितीचा लेप चिकट होतो, बुरशी धरते; मशीनवर चढवली की लेप सुटून हेडला चिकटतो आणि चित्र जातं ते कायमचं. फीत बरी असली तरी ती चालवणारी मशीन आता बनत नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हात निवृत्त झालेत. त्यात टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. म्हणजे काही गोष्टी गेल्याच असणार. ते मान्य करायला लाज कसली? बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले अनेक भाग असेच पुसले. पण कुठले भाग नाहीत हे लोकांना माहीत होतं, म्हणून शोध सुरू राहिला आणि २०१३ मध्ये नायजेरियातून त्यातले ९ भाग परत मिळाले.

२०२४ मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने गोव्यात ‘वेव्हज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू केलं. त्याच वर्षी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. दोन्हींचा आनंद आहे. चित्रपटांसाठी पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय १९६४ पासून आहे. टीव्हीच्या फितींनाही तसाच मान द्या. जे वाचलंय ते पूर्ण, क्रमाने आणि मूळ श्रेयनामावलीसकट दाखवा. वेशभूषा करणाऱ्याचं नाव कापून ‘पुढचा भाग’चं बटण टाकू नका.

आणि यादीत जे नाही त्याच्यासमोर स्पष्ट ‘नाही’ लिहा. ऐंशीच्या दशकात काही घरांत व्हीसीआर होते. माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेट लोक स्वतःहून आणून देतील. त्या घ्यायला वरळीच्या दूरदर्शन केंद्रात एक खिडकी उघडा, पोचपावती द्या आणि नक्कल करून कॅसेट ज्याची त्याला परत करा.

आपला,
दूरदर्शनचा एक जुना प्रेक्षक