ते पित्त नसतं, उंची असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या ट्रेकवर लेख येतात ते मी आवर्जून वाचते, फोटोही झकास असतात, पण त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे जागेची उंची किती आणि तिथं जाण्याआधी मुक्काम कुठे करायचा. हे का लिहितेय ते सांगते.

यंदा आम्ही इक्वाडोरला गेलो होतो. तिथल्या कुएन्का शहराजवळ, साधारण तीस किमीवर, काहास नॅशनल पार्क आहे. ग्वायाकिलकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायचं आणि तोरेआदोरा तळ्यापाशी उतरायचं, तिथे ऑफिसात नाव नोंदवायचं, नकाशा बघायचा आणि चालायला लागायचं. जागा इतकी सुंदर आहे की काय सांगू! शेकडो तळी, पिवळट उंच गवत, आणि पॉलिलेपिसची वाकडीतिकडी झाडं, त्यांच्या लालसर सालीचे पातळ पापुद्रे सुटत असतात म्हणून तिकडचे लोक त्याला कागदाचं झाडच म्हणतात. त्या झाडीत शिरलं की एकदम अंधारून येतं, मुळांवर शेवाळ, हात टेकत टेकत जावं लागतं. डोंगराच्या एका अंगाचं पाणी पॅसिफिकला जातं आणि दुसऱ्या अंगाचं अ‍ॅमेझॉनमधून पार अटलांटिकला, आपल्या सह्याद्रीच्या धारेवर उभं राहिल्यासारखंच वाटतं. कुएन्काच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा इथूनच येतो आणि पार्कची देखभाल शहराला पाणी पुरवणारी कंपनीच करते, हे मला फार आवडलं. २०२१ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून या नद्यांच्या उगमाकडे मोठ्या खाणी नकोत असा कौल दिला, तोही भरघोस बहुमताने.

पण हे सगळं जवळपास ४००० मीटरवर आहे हो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्या दुपटीहून जास्त! तिथल्या हवेच्या कमी दाबामुळे श्वासागणिक ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच मिळतो.

आम्ही आधी कुएन्कात राहिलो होतो, ते शहरच २५०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे दम लागला तरी निभावलं. तळ्याच्या काठाने जाताना मात्र एक मराठी ग्रुप भेटला, पुण्याकडचा, आणि त्यांना त्यांच्या टूरवाल्याने त्याच दिवशी सकाळी ग्वायाकिलहून, म्हणजे थेट समुद्रसपाटीवरून, गाडीने वर आणलं होतं, वाटेत थांबा नाही काही नाही. त्यांच्यातला एक तरुण दगडावर बसून होता, दर वीकेंडला गड करणारा, अंगाने काटक, आणि त्याचं डोकं फुटायला आलेलं, दोनदा उलटी झालेली. बरोबरचे म्हणत होते पित्त झालंय, सकाळी उपाशीपोटी निघाला ना, कुणी आल्याची वडी देतंय, कुणी अँटासिड, आणि थोडा वेळ बसलास की बरं वाटेल, मग पुढचं तळं करू. मी त्यांना म्हटलं अहो पुढे नका जाऊ, आधी खाली न्या त्याला. पार्कच्या माणसानेही हाताने खाली जायचीच खूण केली. शेवटी ऐकलं त्यांनी, गाडी कुएन्काकडे उतरली. संध्याकाळी त्यांच्यातल्या ताईंचा मेसेज आला, पोरगा सूप प्यायला आणि झोपला.

आपल्याकडे डोकेदुखी-उलटी म्हटलं की पित्त, आणि पित्त म्हटलं की अंगावर काढायचं, ही सवय ४००० मीटरवर जिवावर बेतू शकते. तिथे नव्याने डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा आणि वर जाणं थांबवायचं. त्रास वाढला, तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, खालीच उतरायचं. आणि एक, फिटनेसचा यात काही उपयोग नाही, उलट दणकट पोरं जोरात चालतात आणि जास्त त्रासात सापडतात. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरला विचारून, शेजाऱ्याने दिली म्हणून नाही.

तर तुम्हाला मनापासून विनंती, अशा लेखाखाली एक छोटी चौकट टाका, त्यात ठिकाणाची उंची, आदल्या रात्रीच्या मुक्कामाची उंची आणि किती दिवस थांबून वर जावं एवढंच. टूरवाल्यांच्या जाहिरातीतही तुम्ही हे मागू शकता. दोन रात्री कुएन्कात काढायला सांगितलं तर कुणाची ट्रिप बिघडत नाही, शहर बघण्यासारखं आहेच, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आपली,
एक वाचक, नाशिक