मंत्री महोदय, कारण वय नाही, कारण आवाज आहे

माननीय कामगारमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

ऐकू कमी येतं म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी केलेला माझा अर्ज मागच्या आठवड्यात फेटाळला गेला. मी प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलं, पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेससमोर उभं राहून. हे अर्जात लिहिलं होतं, तोंडानेही सांगितलं. तरी मिळालेल्या कागदावर बहिरेपणाच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे, 'वय'. मी अजून पन्नाशीलाही पोहोचलेलो नाही.

माझ्या कानांचा आलेख, म्हणजे कोणत्या उंचीचा सूर किती ऐकू येतो ते दाखवणारी रेघ, आपण मागवून बघावा. दोन्ही कानांची रेघ 4000 हर्ट्झच्या उंच सुराला खोल जाते आणि 8000 ला पुन्हा थोडी वर येते. वयाने ऐकू कमी झालं की रेघ सहसा शेवटपर्यंत उतरतच जाते. मधेच पडलेला असा खड्डा हे आवाजाने कान गेल्याचं नेहमीचं लक्षण आहे, कानाच्या कोणत्याही डॉक्टरला ते माहीत असतं. मग रकान्यात वय का लिहिलं? कारण तसं लिहिलं की कुणालाच काही विचारावं लागत नाही. कारखान्याला नाही, निरीक्षकाला नाही, आपल्या खात्यालाही नाही.

हा आलेख काढायची तपासणी कशी होते, हेही आपल्याला कळायला हवं. बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसवतात आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगतात. माझ्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजत असते. त्यातली आतली कोणती आणि हेडफोनमधली कोणती, हे मला ठरवता येत नाही. मी अंदाजाने दाबत राहिलो. काचेपलीकडच्या बाई हातवारे करून रागावल्या, उगाच दाबू नका म्हणून. घाम फुटला होता मला. परीक्षेत नापास होत असल्यासारखं वाटत होतं.

मला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. माझ्यासारख्याची आधी बारीक, उंच पट्टीची व्यंजनं जातात, स, श, फ, थ अशी. स्वरांचा नुसता गलका उरतो. 'पाच' म्हणालात की 'सात', हे मी तुमच्या ओठांवरून ओळखतो, आणि तुम्ही मान वळवलीत की संपलं. लोक ओरडतात, त्याने आणखी बिघडतं, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज कानात दुखतो. कानाचं यंत्र लावून पाहिलं. ते भांड्यांचा, पंख्याचा, रस्त्याचा, सगळाच आवाज वाढवतं. घरात आता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. दिवसभरात घडलेली छोटी गोष्ट, शेजारची गंमत, कुणाचं काय बिनसलं, हे दोनदोनदा सांगायचा बायकोला कंटाळा येतो. मी तिला दोष देत नाही. पण मंत्री महोदय, संसार याच गोष्टींवर चालतो आणि तो माझ्या हातून निसटला, त्याची टक्केवारी तुमच्या कोणत्या तक्त्यात बसते?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकण्यास कठीण' ठरायला दोन्ही कानांत, बोलण्यातल्या सुरांच्या पट्टीत, 60 ते 70 डेसिबलची हानी लागते. आवाजाचा मार पहिल्यांदा पडतो तो या पट्टीच्या वरच्या टोकाला, बाकीची पट्टी नंतर जाते. म्हणजे माणूस निकषात बसेपर्यंत त्याने यंत्रासमोर उभं राहायचं का?

कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने येणारा बहिरेपणा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला होता, आणि 2025 साली त्याच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. असा रुग्ण आढळला की डॉक्टरने विनाविलंब मुख्य निरीक्षकाला कळवायचं, हेही कायद्यातच आहे. कामगार भरपाईच्या कायद्यातही हा आजार आहे. 1886 साली ग्लासगोच्या टॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्यांचे कान तपासून हे दुखणं मांडलं होतं. एवढ्या वर्षांनी तुमच्या डॉक्टरला ते ओळखता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. ओळखलं तर लिहावं लागतं, म्हणून ते ओळखत नाहीत.

आणि ती आवाजाची मर्यादा! कारखान्यांच्या नियमांतल्या तक्त्यात आठ तासांना 90 डेसिबल चालतात, 100 डेसिबलला दोन तास. आवाज 3 डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे वेळ निम्मा व्हायला हवा. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेची शिफारस आठ तासांना 85 ची आहे आणि त्या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. कुठे पंधरा मिनिटं आणि कुठे दोन तास! कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हे तक्ता करणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?

इअरप्लग दिले होते, असं उत्तर येईल. दिले होते. फोमचा प्लग बोटांनी वळून कानात सारायचा असतो आणि आमची बोटं तेलाने माखलेली असायची. प्लग घातला की यंत्राचा बदललेला सूर कळत नाही, मागून मारलेली हाक कळत नाही. माणूस तो काढतो. 30 डेसिबलचं संरक्षण आठ तासांच्या पाळीत नुसता अर्धा तास काढलं, तर हिशेबाने 12 डेसिबलवर येतं. आवाज यंत्रापाशीच अडवायला हवा. प्रेसला बंदिस्त कवच, खाली रबराचे पॅड, हवेच्या नळ्यांना सायलेन्सर, सैल पत्र्यांची दुरुस्ती. यातलं एकही नवं तंत्र नाही. पण त्याला पैसे लागतात आणि कामगाराच्या कानाला लागत नाहीत. तपासणीची तारीख आधी कळायची, त्या दिवशी दोन लाइन बंद असायच्या. बोट तुटलं तर अपघाताच्या वहीत नोंद होते. कानातून रक्त येत नाही, म्हणून आमची वही कोरी राहते आणि त्या कोऱ्या वहीवरून तुम्ही सांगता की प्रश्न गंभीर नाही. ठेकेदाराकडच्या पोरांचं तर नावही कुठल्या वहीत नसतं.

कामगार मेळाव्यात तुम्ही प्रत्येक कामगाराच्या कानांची तपासणी करण्याचा शब्द दिला होता. मला तो पेपरात वाचावा लागला. तपासणी कुठे आहे? कामावर घेताना एकदा आणि मग दरवर्षी ती झाली पाहिजे, तिचा कागद कामगाराच्या हातात पडला पाहिजे. आम्हाला आमचे अहवाल कधी दाखवलेच नाहीत. दाखवले असते तर पहिला खड्डा पडला तेव्हाच मी दुसरं काम मागितलं असतं. आणि आलेखात आवाजाची खूण दिसत असताना जो डॉक्टर वय लिहील, त्याच्याकडून लेखी खुलासा घ्या.

माझ्या जागी आता विशीतला एक मुलगा उभा आहे. त्याचे कान अजून कुणी तपासलेले नाहीत. या महिन्यात त्याची तपासणी होणार की नाही, ते लेखी कळवा. तुमच्या कार्यालयातून फोन आला तर मला त्यातलं काही कळणार नाही.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर