मतं खाल्ली म्हणे, कोणाची?

संपादक साहेब, नमस्कार.

आदिवासींचे छोटे पक्ष म्हणजे नुसते मतं खाणारे, असं हल्ली कोणीही उठतो नि बोलतो, आमच्या एसटी स्टँडच्या टपरीवर पण हेच चालू. राजस्थानातली भारत आदिवासी पार्टी घ्या ना. 2023 च्या सप्टेंबरात निघाली, त्याच वर्षी तिथं 3 आमदार, मध्य प्रदेशात सैलान्याला 1, आणि 2024 ला बांसवाड्यातून राजकुमार रोत थेट खासदार, तेही जवळपास अडीच लाखांच्या लीडनं! त्यात गंमत म्हणजे काँग्रेसनं ऐनवेळी पाठिंबा जाहीर केला पण त्यांच्याच उमेदवारानं अर्ज काही मागे घेतला नाही. मग मतं कोण कोणाची खात होतं?

आमच्या रायगडात हे होणार नाही, मान्य. बांसवाडा राखीव आहे, भिल्ल समाज तिथं एकगठ्ठा आहे. इथं कातकरी म्हणजे चार घरं डोंगराला, दहा खाडीकडेला, विधानसभेची एकही जागा राखीव नाही, पालघरच्या जव्हार-मोखाड्याला पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) आहे, रायगडात तोही नाही. सरकारी यादीत मात्र कातकरी आदिम जमात, म्हणजे आदिवासींतही सगळ्यात मागं राहिलेली!

राहिली ग्रामपंचायत. तिथं सीट राखीव असते, पण जातीचा दाखला पाहिजे, वर व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, आणि दाखल्याला 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. आजा कोळसा पाडायला, बाप वीटभट्टीवर, पुरावा ठेवणार कुठे? शेजारच्या वाडीतली एक बाई, बोलायला एकदम खमकी, रेशनकार्ड नि पोराचा शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन नुसते हेलपाटे घालत होती. दिवाळी झाली, मुकादमाचा टेम्पो आला, उचल आधीच घेतलेली, गेली भट्टीवर. फॉर्मची तारीख तिकडेच निघून गेली. सीटवर बसला कोण, तर ज्याचे कागद गावच्या पुढाऱ्यानं करून दिले तो, आणि सही कुठे करायची ते पण त्या पुढाऱ्यालाच विचारून करतो.

छोटा पक्ष आला म्हणून लगेच आमदार होणार नाही हो. पण हे कागद करून देणारा, दळी जमिनीच्या (डोंगरउतारावरची, आदिवासी कसतात ती वनजमीन) दाव्याचं काय झालं ते प्रांताला जाऊन विचारणारा कोणीतरी हक्काचा असेल, संघटनावाले किती ठिकाणी पुरणार? आणि मोठ्या पक्षांना मतं फुटायची एवढीच भीती असेल तर पुढच्या झेडपीला एखाद्या ओपन गटातून कातकरी उमेदवार देऊन दाखवा की.

एक वाचक, ता. माणगाव, जि. रायगड