बी वाळवू नकोस

सोलापूर, दिवाळी पाडवा

प्रिय मित्रा,

फोटो पाहिला. तिकडं इंग्लंडात पोर्टस्मथच्या बागेतनं वेचलेल्या होम ओक झाडाच्या त्या टोपीवाल्या बिया पेपरवर वाळत घातल्यास. आधी उचल त्या! ओकची बी वाळली की मेली. आपल्या निंबोळीचंही तसंच, काही आठवड्यांत मातीत गेली नाही तर उगवायचं नाव घेत नाही. बादलीत पाण्यात टाक, तरंगतील त्या फेकून दे, बुडतील त्या आजच लाव.

आणि जिथं झाड हवं तिथंच लाव, दोन बोटं खोल, आडवी. थंडीत फक्त मूळ सुटतं, कोंब वसंतात. वर काही दिसेना म्हणून उकरून बघू नकोस.

एवढा आग्रह का, तर आमच्या दारातला कडुलिंब. आठ वर्षांपूर्वी पिशवीतलं चांगलं डोक्याएवढं रोप विकत आणलं होतं. उन्हाळ्यात ४३ डिग्रीतही सावली द्यायचा. मागच्या वर्षी वैशाखात वळवाचा वारा सुटला आणि झाड आडवं. खड्ड्यात उतरलो तर मूळ पिशवीच्याच आकारात, कांडीवर सूत गुंडाळावं तसं. मनगटाएवढं जाड, पण खालच्या मुरमात वीतभरही शिरलेलं नाही. आई दोन दिवस दारात बसली नाही. गटारीच्या कडेला आपसूक उगवलेला लिंब मात्र जागचा हलला नव्हता. त्याच्याच निंबोळ्या आषाढात त्या खड्ड्यात टाकल्या. आता एक गुडघ्याएवढा झालाय.

तुझा ओक मूळचा भूमध्य समुद्राकाठचा. कोरडा उन्हाळा, खारा वारा, कात्री, सगळं सोसतो. वाढतो सावकाश, पण साठ फुटांवर जातो, म्हणून भिंतीपासून लांब लाव. बारमाही हिरवा असला तरी मे-जूनमध्ये जुनी पानं झडतात, तेव्हा घाबरू नकोस. आणि त्याच्या खाली उगवणारी रोपं वेळीच काढत जा. तुझ्या समोरच्या आयल ऑफ वाइट बेटावर, व्हेंटनर गावाला, तो इतका माजला की आवरायला टेकडीवर शेळ्या सोडाव्या लागल्या. आपण इथं रोपं शेळ्यांपासून वाचवायला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतो!

कोवळ्या झाडाची पानं काटेरी असतात, वरून गर्द हिरवी, खालून राखाडी लव. पहिली पानं आली की उलटी करून फोटो पाठव. आईलाही बघायचंय.

तुझाच